पान उलटून पाहा : कुंडीतील झाडांवरील किडी-रोगांची ओळख आणि इलाज

जास्वंदीच्या खोडावर मुंग्यांची रांग दिसली, की घरोघरी आधी मुंग्यांची पावडर आणली जाते. मुंग्या चार दिवस दिसेनाशा होतात, पण पंधरा दिवसांनी शेंडे आखडून गोळा होतात, कळ्या न उमलताच पिवळ्या पडून गळतात आणि देठांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागतात. शेंड्यात दडलेल्या पिठ्या ढेकणांच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा खाण्यासाठी मुंग्या वर जात असतात आणि त्या खाऊच्या बदल्यात ढेकणांना फस्त करणाऱ्या ढालकिड्यांना (लेडीबर्ड) हुसकावून लावत असतात. म्हणून मुंग्या दिसल्या, की पावडरीचा डबा उघडण्याआधी त्यांची रांग वर कुठे संपते ते पाहावे.

कुंडीतल्या झाडांवरचे उपाय फसतात ते बहुधा याच कारणाने. औषध चांगले असते, पण ते भलत्याच किडीवर मारलेले असते. किंवा नेमक्या किडीवर मारलेले असते, पण पानाच्या वरच्या बाजूने आणि एकदाच. पुढे जे सांगितले आहे त्याचा सगळा भर या दोन गोष्टींवर आहे : फवारणीआधी ओळख आणि फवारणीनंतर ठरल्या दिवशी दुसरी फवारणी.

आधी तपासणी

झाड आजारी वाटले, की पहिले काम म्हणजे ती कुंडी इतर कुंड्यांपासून दोन-तीन हात दूर नेणे. मग सकाळच्या उजेडात पाने एकेक करून उलटावीत, कारण मावा, पांढरी माशी, कोळी (भिंतीवरचे नव्हेत, तर पानातला रस शोषणारे अगदी बारीक जीव) आणि पिठ्या या सगळ्यांना पानाचा खालचा भाग आवडतो. दहा पट मोठे दाखवणारे भिंग स्वस्तात मिळते आणि ते घरात असावेच. भिंग नसेल तर एक पांढरा कागद संशयित फांदीखाली धरून फांदीवर टिचकी मारावी. कागदावर पडलेले तांबूस ठिपके क्षणभराने हळूहळू चालू लागले तर ते कोळी आहेत. पिवळट, काडीसारखे बारीक जीव चपळाईने पळाले तर फुलकिडे. आणि नुसती धूळ पडली तर किडीचा संशय सोडून मुळांकडे वळावे.

मुळांचा अंदाज बोटाने घेता येतो. तर्जनी दोन पेरांपर्यंत मातीत घालावी. माती कोरडी आणि झाड सुकलेले असेल तर त्याला पाणी हवे आहे, इतकेच. माती ओली असूनही झाड मान टाकत असेल तर मुळे कुजत आहेत, आणि अशा झाडाला सुकले म्हणून आणखी पाणी घालणे ही कुंडीतली झाडे मरण्यामागची मला सर्वाधिक आढळलेली चूक आहे.

एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. प्रत्येक पिवळे पान रोगट नसते. खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील तर झाडाला बहुधा नत्र कमी पडत आहे. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहिल्या असतील तर लोहाची कमतरता आहे. बोअरवेलच्या जड पाण्यावर वाढवलेल्या अनंताला हे हमखास होते. तेथे बुरशीनाशक मारून काही साधत नाही, चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातले लोह) दिल्यावर नवी पाने हिरवी येऊ लागतात.

पाणी, साबण आणि निंबोळी तेल

रस शोषणाऱ्या किडींवरचा पहिला इलाज म्हणजे पाण्याची धार. कुंडी न्हाणीघरात न्यावी, मातीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी, झाड आडवे धरावे आणि शॉवरने किंवा नळीने पानांच्या खालच्या बाजूवर जोराची धार सोडावी. माव्याचे निम्म्याहून अधिक काम येथेच होते, कारण एकदा सोंड तुटून खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. ही धुलाई सकाळी करावी, म्हणजे पाने दुपारपर्यंत सुकतात.

त्यानंतरही कीड उरली तर साबणाचे पाणी वापरावे. एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर बागेसाठीचा पोटॅशियम साबण घ्यावा. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, तिने पानांच्या कडा करपतात. साबण किडीच्या अंगाला ओला असताना लागला तरच तो मारतो. पानावर सुकलेल्या साबणाचा पुढच्या किडीवर काही परिणाम होत नाही. जड पाण्यात साबण फाटून त्याची साय तरंगते, तेव्हा पिण्याचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी घ्यावे.

निंबोळी तेलाचे द्रावण बनवताना क्रम महत्त्वाचा आहे. तेल थेट पाण्यात ओतले तर ते वर तरंगते. मग बाटलीतून आधी नुसते पाणी उडते आणि शेवटी शुद्ध तेल पानांवर पडून पाने भाजतात. म्हणून एका वाटीत पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि दोन मिलिलिटर पातळ साबण एकत्र घोटावे. त्यात अर्धा कप कोमट पाणी थोडे थोडे घालत ढवळत राहावे. मिश्रण ताकासारखे पांढरे झाले म्हणजे तेल फुटून पाण्यात मिसळले. मग बाकीचे पाणी घालून एक लिटर करावे. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशिकच्या थंडीत हे तेल बाटलीतच तुपासारखे थिजते. ते खराब झालेले नसते, बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटे उभी ठेवली की पुन्हा वाहू लागते. बनवलेले द्रावण त्याच दिवशी संपवावे, उद्यासाठी ठेवू नये.

फवारणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर करावी. त्याने पाने भाजत नाहीत आणि मधमाश्याही तोवर परतलेल्या असतात. पहिल्यांदा वापरताना दोन-तीन पानांवर मारून दोन दिवस थांबावे, विशेषतः नेचे, कोवळी पालवी आणि मांसल पानांची झाडे यांच्याबाबतीत. निंबोळीचा गुण लगेच दिसत नाही. तिच्यातील अझाडिरॅक्टिन किडीची भूक आणि कात टाकण्याची क्रिया बिघडवते, त्यामुळे फवारल्यावर दुसऱ्या दिवशीही कीड चालताना दिसते आणि लोक निराश होऊन दुसरे औषध आणतात. पाच-सहा दिवस धीर धरावा.

आणि मग सातव्या दिवशी पुन्हा फवारावे, चौदाव्या दिवशी तिसऱ्यांदा. पहिल्या फवारणीत वाचतात ती अंडी. त्यांतून निघालेली पिल्ले पुन्हा अंडी घालण्याइतकी मोठी होण्याआधी गाठायची असतात, आणि तीन फवारण्यांचा हिशेब तेथून आलेला आहे. मी कॅलेंडरवर तिन्ही तारखांना आधीच खूण करतो, कारण पहिल्या फवारणीनंतर झाड बरे दिसू लागले की दुसरी हमखास विसरली जाते.

पिठ्या ढेकूण

जास्वंदीकडे परत येऊ. पिठ्याच्या अंगावर मेणाचा थर असतो आणि मादीची अंडी, कधी कधी शेकड्यांनी, कापसासारख्या पिशवीत असतात. पाण्याचे द्रावण या थरावरून घरंगळून जाते, त्यामुळे मोठ्या पिठ्यांवर नुसती फवारणी पुरत नाही. तेथे हाताने काम करावे लागते.

पहिल्या दिवशी गोळा झालेले शेंडे चार बोटे खालून कापून थेट पिशवीत टाकावेत आणि पिशवीचे तोंड बांधावे. गुलाबी पिठ्या रस शोषताना जे विष सोडतो त्याने शेंडा वेडावाकडा होतो आणि तो पुन्हा सरळ होत नाही, म्हणून त्याचा मोह धरू नये. उरलेल्या फांद्यांसाठी कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून, पिळून, प्रत्येक बेचक्यातून फिरवावा. स्पिरिट लागताच पांढरे मेण विरघळते, खालचा गुलाबी जीव उघडा पडतो आणि बोळ्यावर तांबूस डाग उमटतो. हे काम किचकट आहे, तीन फुटी झाडाला अर्धा-पाऊण तास लागतो, पण त्याची बरोबरी कोणतीही फवारणी करत नाही. कुंडीच्या कडेखाली, कुंडीच्या तळाच्या भोकांत आणि आधाराच्या काठीच्या फटीतही बोळा फिरवावा. पिठ्या तेथे लपून राहतो आणि महिन्याने परततो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निंबोळीची पहिली फवारणी करावी. मुंग्यांची वाट अडवण्यासाठी कुंडी पाणी भरलेल्या पसरट ताटलीत विटेच्या तुकड्यावर उभी करावी, मात्र कुंडीचा तळ पाण्याला टेकू देऊ नये आणि डास होऊ नयेत म्हणून ते पाणी एक दिवसाआड बदलावे.

या सगळ्यात ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या ओळखता यायला हव्यात. पिठ्या खाणाऱ्या एका ढालकिड्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झालरी मिरवते आणि मोठ्या पिठ्यासारखीच दिसते. ती पिठ्यापेक्षा बरीच मोठी असते आणि भराभर चालते. ती दिसली तर बोळा बाजूला ठेवावा आणि तिला तिचे काम करू द्यावे. मित्रकीटकांची ताकद किती असते, याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण पपईच्या पिठ्याचे आहे. 2008 साली ही परदेशी कीड कोइमतूरला आढळली आणि पपई, तुती, जास्वंद अशा अनेक झाडांवर पसरली. 2010 साली तिच्यावर जगणारी अगदी बारीक गांधीलमाशी बाहेरून आणून सोडण्यात आली आणि ज्या किडीला फवारण्या दाद देत नव्हत्या ती त्या माशीने आटोक्यात आणली.

पिठ्या किंवा मावा गेल्यावर पानांवर काजळीसारखा काळा थर उरतो. ती चिकट्यावर वाढलेली बुरशी आहे, झाडाच्या आत शिरलेली नाही. ओल्या फडक्याने पाने पुसली की ती निघून जाते.

मिरचीचा चुरडामुरडा आणि उन्हाळ्यातले कोळी

मिरचीची पाने आखडली, की सगळेच त्याला चुरडामुरडा किंवा बोकड्या म्हणतात, पण त्यामागे तीन वेगवेगळी कारणे असू शकतात आणि पान कोणीकडे वळले आहे हे पाहून त्यांतला फरक बराचसा कळतो. पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार आला असेल तर फुलकिडे आहेत. कडा खाली वळून पान उलट्या पन्हळीसारखे झाले आणि देठ लांबला असेल तर कोळी आहेत. पाने बारीक, जाडसर आणि शिरांमध्ये सुरकुतलेली असतील, झाड खुजे राहिले असेल आणि पान हलवताच पांढऱ्या माश्या उडत असतील तर तो विषाणू आहे. पहिल्या दोहोंत झाड वाचते : आखडलेले शेंडे खुडावेत, फुलकिड्यांसाठी निंबोळीच्या तीन फवारण्या आणि निळा चिकट सापळा, कोळ्यांसाठी पाण्याची धार आणि साबण. विषाणूवर मात्र औषध नाही. ते झाड मुळासकट उपटून पिशवीत बांधून टाकावे, कारण ते ठेवले तर पांढरी माशी तोच रोग शेजारच्या मिरचीला आणि टोमॅटोला नेते. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर टांगावेत.

मार्च ते मे या कोरड्या उष्ण दिवसांत गुलाब, मोगरा आणि जास्वंदीवर लाल कोळी येतो. पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके पडतात, मग पान पितळी रंगाचे होते, आणि पुढे शेंड्यांवर बारीक जाळी दिसते. कोळी आठ पायांचा असतो, तो कीटक नाही, त्यामुळे बरीचशी कीटकनाशके त्याला लागू पडत नाहीत; उलट त्याला खाणारे जीव मेल्यामुळे तो वाढतो. त्याला ओलावा सोसत नाही. दर दोन दिवसांनी पानांची खालची बाजू धुणे आणि आठवड्याला साबणाचे पाणी मारणे, एवढ्याने दोन-तीन आठवड्यांत तो हटतो.

लिंबू आणि कढीपत्ता

लिंबाच्या कोवळ्या पानांवर चंदेरी नागमोडी रेघा म्हणजे नागअळी. ती पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये राहते, त्यामुळे बाहेरून मारलेली फवारणी तिच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. थोडी पाने असतील तर खुडावीत, पुष्कळ असतील तर राहू द्यावीत, कारण वाकडे असले तरी ते पान झाडासाठी अन्न बनवत असते. पुढची पालवी फुटताना मात्र निंबोळी मारावी, म्हणजे मादी अंडी घालायला बिचकते.

त्याच झाडावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळी-पांढरी अळी आढळेल. ती पुढे हिरवीगार होते आणि डिवचल्यावर डोक्यामागून नारिंगी शिंगे काढून उग्र वास सोडते. हे लिंबाच्या फुलपाखराचे बाळ आहे आणि कढीपत्त्यावरही येते. लहान रोप ती दोन-तीन दिवसांत बोडके करते, म्हणून तिला हाताने उचलणे भाग आहे, पण मारण्याची गरज नाही. परिसरात बेलाचे किंवा मोठ्या लिंबाचे झाड असेल तर तिला तेथे सोडावे.

तुळशीची पाने वरून फिकट आणि खालून काळ्या ठिपक्यांनी भरलेली दिसली तर ते ठिपके बारीक जाळीदार ढेकणांची विष्ठा असते. तुळस, कढीपत्ता, पुदिना, कोथिंबीर ही रोज तोंडात जाणारी पाने आहेत. त्यांच्यावर पाण्याची धार आणि साबणाच्या पाण्यापलीकडे जाऊ नये, आणि फवारल्यावर दोन-तीन दिवस पाने तोडू नयेत, तोडताना नीट धुवावीत.

बुरशीचे रोग

भुरी ओळखायला सोपी आहे : गुलाबाच्या किंवा काकडी-दोडक्याच्या पानावर कोणी पिठाची चिमूट टाकल्यासारखे पांढरे डाग. इतर बहुतेक बुरशींना रुजण्यासाठी पानावर पाणी साचावे लागते, भुरीला लागत नाही. दमट थंड रात्री आणि कोरडे दिवस तिला मानवतात, म्हणून ती पावसाळ्यापेक्षा हिवाळ्यात जोर धरते. सुरुवातीला डाग पडलेली पाने काढून एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी सकाळी उन्हात आठवड्यातून एकदा फवारावे. हा नुसता घरगुती समज नाही. ब्राझीलमध्ये झुकिनीच्या भुरीवर झालेल्या आणि 1999 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दुधाच्या पाण्याचा चांगला परिणाम दिसला होता. रोग पसरला असेल तर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम मारावे, मात्र पारा 32 अंशांच्या वर असताना नाही आणि निंबोळी तेलाच्या फवारणीच्या आगेमागे दोन आठवड्यांत नाही, कारण तेल आणि गंधक एकत्र आले की पाने जळतात.

पावसाळ्यात गुलाबावर पडणारे काळे गोल ठिपके आणि नंतर पिवळी होऊन गळणारी पाने हा वेगळा रोग आहे. पानावर काही तास पाणी टिकले की तो पसरतो. गळलेले प्रत्येक पान कुंडीतून उचलावे, झाडाला पाणी देताना पाने भिजवू नयेत आणि शक्य असेल तर जून ते सप्टेंबर कुंडी पागोळ्यांपासून आत घ्यावी.

यावर बोर्डो मिश्रण हा जुना आणि भरवशाचा इलाज आहे. फ्रान्समधील बोर्डो भागात 1885 च्या सुमारास द्राक्षांवरच्या केवडा रोगासाठी ते पुढे आले, आणि कोकण-गोव्यातल्या सुपारीच्या बागांत पावसाआधी ते आजही मारले जाते. एक लिटरसाठी दहा ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात आणि दहा ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवावेत. चुना गाळून घ्यावा आणि दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतत ढवळावीत. त्यात घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवावा. खिळ्यावर तांबूस थर आला तर थोडी चुन्याची निवळी आणखी घालावी, नाही आला तर मिश्रण तयार आहे. ते त्याच दिवशी वापरावे. एवढा खटाटोप नको असेल तर तयार कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम चालते.

मूळकूज

ओल्या मातीत सुकणारे झाड वाचवायचे असेल तर उशीर करू नये. झाड कुंडीतून अलगद काढून माती झाडावी आणि मुळे धुवावीत. निरोगी मूळ पांढरे किंवा फिकट आणि कडक असते. कुजलेले मूळ काळपट असते, वास मारते आणि चिमटीत ओढले की साल निघून आत दोरा उरतो. असा प्रत्येक भाग स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापावा. जितकी मुळे गेली त्याच प्रमाणात वरच्या फांद्याही कमी कराव्यात, नाहीतर उरलेली मुळे सगळ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. नवी माती भुसभुशीत हवी : दोन भाग माती, एक भाग गांडूळखत किंवा नीट कुजलेले शेणखत, एक भाग कोकोपीट किंवा जाड वाळू, मूठभर निंबोळी पेंड आणि चमचाभर ट्रायकोडर्मा. ट्रायकोडर्मा ही स्वतः उपयोगी बुरशी आहे, त्यामुळे तिच्याबरोबर मातीत तांब्याचे बुरशीनाशक ओतू नये. एकदा पाणी देऊन कुंडी आठवडाभर सावलीत ठेवावी, आणि वरची माती बोटाला कोरडी लागेपर्यंत पुन्हा पाणी देऊ नये. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी ओतून द्यावे. घरातल्या कुंड्यांवर घोंगावणारी बारीक चिलटेही याच सततच्या ओलीमुळे होतात आणि वरची दोन इंच माती सुकू दिली की कमी होतात.

रासायनिक औषधांविषयी

घराच्या गॅलरीत रासायनिक कीटकनाशकाची वेळ क्वचितच यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजुरांचा मृत्यू झाला. ते उघड्या रानात काम करत होते, आपण बंद गॅलरीत, स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी फवारतो. औषध घेतलेच तर डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहावा : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. लाल आणि पिवळा घरात आणूच नये. सुटे, चिठ्ठी नसलेले, कागदात बांधून दिलेले औषध घेऊ नये. फोरेट आणि डायक्लोरव्हॉस यांच्यावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. जुन्या बाटल्या किंवा दाणे घरात पडून असतील तर ते संपवण्यासाठी म्हणून वापरू नयेत. मात्रा डब्यावरचीच घ्यावी, हातमोजे आणि मास्क वापरावा, फवारणीची बाटली वेगळी ठेवून तिच्यावर ठळक अक्षरांत लिहावे, आणि मुले व पाळीव प्राणी पाने सुकेपर्यंत आत ठेवावेत.

नवे रोप आणल्यावर

घरातल्या निम्म्या किडी नर्सरीच्या पिशवीतून येतात, म्हणून नवे रोप पंधरा दिवस इतर झाडांपासून दूर ठेवावे. या काळात दर तीन-चार दिवसांनी पाने उलटून पाहावीत, पिशवीच्या कडेची माती उकरून मुळांवर पांढरे पुंजके नाहीत ना ते तपासावे आणि एकदा साबणाच्या पाण्याने झाड धुवावे. पंधराव्या दिवशी कुंडीत लावताना मुळांभोवतीचा चिकट लाल मातीचा गोळा बोटांनी हलकेच सैल करावा. तो तसाच ठेवला तर बाहेरची माती कोरडी आणि आतला गोळा ओला राहतो, किंवा उलट होते, आणि महिन्याभरात तेच ओल्या मातीत सुकणारे झाड समोर उभे राहते.